खो-खो पटावर आणायचा तर : बोर्डगेम कसा तयार करावा

सांघिक खेळाचा बोर्डगेम करायला बसलं की बहुतेक जण आधी फासे शोधतात. सहा पडले तर षटकार, एक पडला तर बाद. वेळ मजेत जातो, पण त्यात क्रिकेट नावापुरतंच उरतं, कारण खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नसतं. मैदानी खेळ पटावर उतरवताना पहिला प्रश्न वेगळा हवा : या खेळात खेळाडूला कोणता नियम बांधून ठेवतो? तेवढा नियम शाबूत राहिला पाहिजे. बाकीचे निम्मे गाळले तरी चालतात.

इथे उदाहरण म्हणून खो-खो घेतला आहे. 2025च्या जानेवारीत नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार दोघंही महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. एवढं असूनही खेळण्यांच्या दुकानात खो-खोचा पट सहसा दिसत नाही. खरं तर हा खेळ पटासाठीच आखल्यासारखा आहे : एका रांगेत 8 चौकोन, दोन टोकांना दोन खांब, आणि एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेले गडी.

1. बांधणारा नियम पकडा

पाठलाग करणाऱ्याने, म्हणजे आक्रमकाने, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, आणि गड्यांच्या रांगेतून पलीकडेही जायचं नाही. पळणाऱ्याला, म्हणजे संरक्षकाला, मात्र दोन्ही मुभा आहेत. खो-खोची सगळी गंमत या असमानतेत आहे. पलीकडे जायचं तर आक्रमकाला खांबाला वळसा घालावा लागतो, नाहीतर पाठमोऱ्या गड्याला खो द्यावा लागतो. एवढं पटावर आलं की खो-खो आला.

2. पट आखा

ए-3 आकाराचा कागद घ्या. त्यावर 5 आडव्या ओळी आणि 14 उभे रकाने येतील अशी अडीच सेंटिमीटरची घरं आखा. मधली, म्हणजे तिसरी ओळ ही मध्यपाटी. तिच्यात 3 आणि 12 क्रमांकाच्या रकान्यात खांब, आणि 4 ते 11 ही गड्यांची 8 घरं. रकाने 1-2 आणि 13-14 म्हणजे खांबांपलीकडचं मुक्त क्षेत्र.

मैदानाच्या प्रमाणाचा फार अट्टहास नको. खरं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, आणि मुक्त क्षेत्र दोन्हीकडे फक्त दीड मीटरचं. प्रमाण काटेकोर पाळलं तर आपल्या पटावर ते एका घराएवढंही भरत नाही, आणि आक्रमकाला वळायला जागाच राहत नाही. म्हणून तिथे दोन रकाने.

आता एक बारीक पण मोलाची गोष्ट. कोणता गडी कुठे तोंड करून बसलाय हे सोंगटीवर दाखवू नका, घरावरच बाण काढा : सम रकान्यात वर, विषम रकान्यात खाली. खो दिल्यावर उठलेल्याच्या जागी खो देणारा बसतो, म्हणजे त्या घराची दिशा कधी बदलतच नाही. मग साधी बटणं सोंगट्या म्हणून चालतात. 9 एका रंगाची, 9 दुसऱ्या. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. बाटलीची झाकणं या घरांत मावत नाहीत.

3. चाली ठरवा

सुरुवातीला 8 आक्रमक चौकोनांत बसतात, नववा मुक्त क्षेत्रात उभा राहतो. संरक्षकांची 3 जणांची तुकडी उरलेल्या पटावर हवी तिथे उतरते.

आक्रमकाला एका चालीत 4 पावलं, आडवी किंवा उभी, तिरपी नाहीत. घेतलेल्या दिशेच्या उलट पाऊल टाकायचं नाही. मुक्त क्षेत्रात पोचला की बंधन सुटतं. चालीत एकदा खो देता येतो, त्याला 1 पाऊल खर्च. बसलेल्याच्या पाठीला लागून असलेल्या घरातूनच खो द्यायचा. उठलेला गडी बाणाच्या दिशेने समोरच्या घरात येतो आणि उरलेली पावलं तो चालतो. संरक्षकांना तिघांत मिळून 3 पावलं, त्यातली एकाला जास्तीत जास्त 2. बसलेल्या गड्यावरून पलीकडे उडी मारायला 2 पावलं लागतात. आक्रमक संरक्षकाच्या घरात आला की गडी बाद.

4. हुलकावणीला जागा द्या

एवढ्यावर थांबलात तर खेळ गणित होईल. खो मिळालेला गडी डावीकडे वळेल की उजवीकडे, या क्षणभराच्या संशयावर मैदानात गडी बाद होतात, आणि तो संशय पटावर हवाच. फासा मात्र नको. आक्रमकाकडे दोन पत्ते द्या, डावा आणि उजवा. खो दिला की एक पत्ता उपडा ठेवायचा. संरक्षकाने दिशा सांगायची. बरोबर निघाली तर कोणत्याही एका संरक्षकाला जादा 1 पाऊल, चुकली तर काही नाही. मग आक्रमक पत्त्यावरच्या दिशेनेच जातो.

हे पट समोर ठेवून बघा. आक्रमक दुसऱ्या ओळीत, सहाव्या रकान्यात, उजवीकडे निघालेला. संरक्षक त्याच ओळीत आठव्या रकान्यात. तो घाबरून तिथूनच पलीकडे उडी मारतो, चौथ्या ओळीत. आक्रमक एक पाऊल टाकून सातव्या रकान्यात येतो. तिथला बाण खाली आहे, म्हणून खो देतो. नवा गडी चौथ्या ओळीत उभा राहतो, हातात 2 पावलं. संरक्षक दिशा अचूक ओळखून एक घर पुढे सरकला तरी नवा गडी त्याच्यापर्यंत पोचतो. आक्रमक पाचव्या रकान्यात असतानाच हीच उडी मारली असती, तर दिशा ओळखून सुटका झाली असती. उडी कधी मारायची हा खरा प्रश्न, मैदानावरही आणि इथेही.

5. वेळ आणि गुण

मोठ्या गटाच्या सामन्यात आक्रमणाची पाळी 9 मिनिटांची असते. पटावर घड्याळ लावलं की घाईत चुका होतात आणि भांडणं लागतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंची एकेक चाल झाली की एक फेरी, आणि एक फेरी म्हणजे अर्धा मिनिट धरा. 18 फेऱ्यांत पाळी संपली. गडी बाद केला की 1 गुण. तुकडीने 6 फेऱ्या तग धरली तर संरक्षकांनाही 1 गुण द्या, नाहीतर पळणाऱ्याला खेळायला हुरूप राहत नाही. तिसरा गडी ज्याने बाद केला त्याने खो दिल्याशिवाय नव्या तुकडीमागे लागायचं नाही. हा मैदानावरचाच नियम आहे, तो ठेवाच. सूर मारणे, फाऊल, पंचांचे इशारे हे सगळं गाळा.

6. खेळून बघा, मग बदला

पट रंगवण्याआधी पेन्सिलीच्या कागदावर खेळा. खो-खो न खेळलेल्या माणसाला बसवा आणि आपण गप्प राहा. तो जिथे अडतो तिथे नियम अपुरा आहे.

आकडे बदलायचे तर एका वेळी एकच. पहिली तुकडी तीन-चार फेऱ्यांतच संपत असेल तर खोची किंमत 2 पावलं करा. आक्रमकाची पावलं मात्र कमी करू नका, त्याने खेळ रेंगाळतो. कुणीच बाद होत नसेल तर संरक्षकांची पावलं 3 वरून 2 वर आणा. संरक्षक आपणहून गड्यांमधून नागमोडी पळू लागले, म्हणजे मैदानावरची साखळी कुणी न शिकवता पटावर उमटली, तर आकडे जवळपास जुळले असं समजा.

नियमावली एका पानाच्या वर नको. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा, कारण वाद तिथेच होतात : संरक्षक आपणहून आक्रमकाच्या घरात शिरला तर बाद, उठणाऱ्या आक्रमकाच्या समोरच्याच घरात संरक्षक असेल तर तो तिथल्या तिथे बाद, आणि अठरावी फेरी संरक्षकांच्या चालीने संपते, आक्रमकाच्या नाही.