गोठ्याचा कुजलेला खांब बदलायचाय? आख्खा गोठा पाडू नका

आमच्या पाटणकडं जुना कौलारू गोठा जरा कलला की लोक म्हणणार, पाडा आणि पत्र्याचं शेड मारा. अहो थांबा, वरचं लाकूड बऱ्याचदा ठणठणीत असतं, खांबाचं बूड तेवढं गेलेलं असतं.

असल्या गोठ्यात छपराचं वजन खांबांवर आणि तुळयांवर असतं, भिंत म्हणजे नुसता आडोसा. 1967 च्या कोयनेच्या भूकंपात आमची दगडी भिंत ढासळली पण खांब जागचे हलले नाहीत असं आजी सांगायची.

आधी दाभण घेऊन बूड टोचून बघा. आमच्यात तर मुठीपर्यंत आत गेलं, आणि वीतभर वर टोचलं तर टोकसुद्धा शिरेना, अस्सल साग! मग खाली उकरलं तर तळखडा सापडला, म्हणजे खांबाच्या बुडाखालचा चांगला घडीव दगड, पण दरवर्षी मुरूम टाकून टाकून जमीन एवढी वर आलेली की दगड पुरला गेला आणि लाकूड मातीत, वरनं जनावराचं मूत. कुजणार नाहीतर काय.

काम एप्रिल-मेमध्येच काढा. जनावरं बाहेर बांधा, त्या खणावरची कौलं उतरवा, मग खांबाच्या दोन्ही अंगाला तुळईखाली टेकू द्या आणि जॅक लावा, जॅकखाली जाड फळी पाहिजेच नाहीतर तो जमिनीत रुततो. उचलायचं किती? खांब तळखड्यावर सैल होईपर्यंत, बास. जास्त उचललं की वरचे सांधे उलतात. एका वेळी एकच खांब!

कुजकं कापून टाका, चांगलं लाकूड लागल्यावर अजून थोडं वर जा. नवा तुकडा जुन्या वाळलेल्या सागाचाच घ्या, ओलं लाकूड नंतर आकसतं आणि सांधा ढिला पडतो. जुना खांब आणि नवा तुकडा, दोन्हींची सांध्यापुरती निम्मी निम्मी जाडी कापून एकमेकांवर बसवा, 6 इंची खांबाला दीड फुटाचा सांधा, आरपार दोन बोल्ट, वायसर घालून. तळखडा उचलून जमिनीच्या वीतभर वर बसवा, नवा तुकडा तेवढा आखूड लागतो हे मापात धरा, नाहीतर माझ्यासारखं दोनदा सुताराला बोलवाल.

गवंडी म्हणेल बुडाला सिमेंटचा बूट घालतो. अजिबात नको, आत पाणी अडतं आणि लाकूड परत कुजतं. ट्रॅक्टरसाठी मधला खांब काढायचा असेल तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय करवत लावू नका. आणि दिवाळीच्या आसपास बोल्ट एकदा आवळून घ्या.