किनाऱ्यावरून लुअर टाकताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास समुद्राचं गढूळ पाणी निवळू लागलं की कोकणातल्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळांवर, आणि खाड्यांच्या मुखांवर नवे कोरे रॉड दिसू लागतात. आमिष लावून गरवणारे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लुअरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वेड त्यामानाने नवं आहे, आणि चांगलं आहे. पण तेच ते घोळ दरवर्षी बघावे लागतात. बहुतेकांचं मूळ एकच: सगळा पैसा आणि सगळा अभ्यास सामानावर खर्च होतो, पाण्याकडे कोणी बघत नाही.

भरतीची वेळ बघणं, पण उधाण न बघणं

देवगड तालुक्यातल्या एका खडपावर दोन तरुण अमावास्येच्या सकाळी उजाडताच पोहोचले. ओहोटी पुरती लागली होती. मधली घळ कोरडी होती, ती ओलांडून ते पार टोकाच्या कातळावर गेले आणि पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करत येणारं लुअर, फेकायला लागले. आठ-साडेआठला किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची, तयारी करणाऱ्या एका काकांनी हाक दिली, "रे झिलांनो, पाणी चढताहा! भायर येवा!" पोरांनी हात हलवला. दोन वेळा मासा लुअरमागे येऊन परत गेला होता, त्यामुळे पाय निघत नव्हता. मागे वळून बघितलं तेव्हा घळीत छातीएवढं पाणी होतं आणि प्रत्येक लाटेबरोबर ते खेचत होतं. शेवटी रापणकरांनीच दोर टाकून दोघांना ओढून घेतलं. एकाचा रॉड गेला, दुसऱ्याच्या गुडघ्याची कालवांनी सालपटं काढली. मी तिथे होतो. दोर धरणाऱ्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात, कारण पुढच्या दहा मिनिटांत काय झालं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या मुलांनी फोनवर भरतीची वेळ बघितली होती. पण पाणी किती चढणार, हे बघितलं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त वर येते आणि ओहोटी जास्त खाली जाते. म्हणूनच एरवी बुडालेली वाट त्या सकाळी उघडी पडते आणि माणूस फसतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी राहतो. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, दक्षिण कोकणात तो बराच कमी. पण घळ भरायला तेवढाही पुरतो.

फोनला रेंज नसेल तेव्हा तिथीचा हिशोब कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. गावागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून पहिल्यांदा जाल तिथे गावातल्या माणसाला विचारा. माझी सवय अशी: नव्या जागी पहिला दिवस रॉडशिवाय, ऐन ओहोटीला जायचं. उघड्या पडलेल्या कपारी, घळी, वाळूचे पट्टे बघून घ्यायचे. मासे भरतीत तिथेच येणार असतात. परतीच्या वाटेवरचा एक दगड खूण म्हणून धरायचा. पाणी त्या दगडाला लागलं की निघायचं, मासा मागे लागलेला असला तरी. आणि खडपावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उभं राहून नुसत्या लाटा बघायच्या. मोठ्या लाटा गटाने येतात. पाच मिनिटं शांत दिसलेला कातळ सहाव्या मिनिटाला धुऊन निघतो. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग ओहोटीलाच करायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असूनही तिथे दुर्घटना झाल्या आहेत.

हे सांगितलं की नवी मुलं चुळबुळ करतात. "पण मासा लागतो कधी?" पाणी वाहत असताना. खडपावर मला भरतीचे शेवटचे दोन तास आवडतात, खाडीच्या मुखाशी ओहोटी लागल्यानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा वेळ. तेव्हा बोयांसारखे छोटे मासे पाण्याबरोबर बाहेर येतात आणि जिताडा, तांबोशी त्यांची वाट अडवून बसलेले असतात. पाणी थांबलं की बसून चहा प्या.

दुपारी येऊन वाऱ्याला नावं ठेवणं

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेत. पहाटे मतलई वारा तुमच्या पाठीमागून समुद्राकडे वाहतो, लुअर सहज लांब जातं. दुपारी खारा वारा तोंडावर येतो आणि तेच लुअर निम्म्यावर पडतं. हॉटेलात नाश्ता उरकून अकराला येणाऱ्यांनी रॉडला दोष देऊ नये.

सैल दोरी

सगळ्यात जास्त सामान याच चुकीत जातं. वेणीच्या दोरीला, म्हणजे ब्रेडला, ताण नसला की ती रीळवर सैल फेऱ्यांनी गुंडाळली जाते. पुढच्या फेकीला त्या फेऱ्या एकदम सुटतात, गाठ होते, ती रॉडच्या पहिल्या रिंगमध्ये अडकते आणि महागडं लुअर एकटंच समुद्रात जातं. मग "दोरी खराब निघाली" म्हणून आणखी महागडी दोरी आणली जाते. एका ओळखीच्या मुलाने एका सकाळीत चार लुअर अशीच घालवली. पाचवं बांधण्याआधी त्याच्या हातातून रॉड घेऊन मी त्याला फक्त एकच गोष्ट करायला लावली: लुअर पाण्यात पडलं की हँडल फिरवून नव्हे, हाताने बेल (रीळवरची दोरी अडवणारी तारेची कमान) बंद कर, डाव्या हाताने दोरी एकदा ताणून घे, मगच गुंडाळ. त्या दिवशी पुन्हा गाठ झाली नाही. बेल हाताने बंद करायला एक सेकंद लागतो आणि नेमका तोच सेकंद घाईवाल्यांकडे नसतो.

रीळ काठोकाठ भरू नका. कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. पॉपरला झटके देताना मधली सैल दोरी लगेच गोळा करत राहा.

ब्रेड थेट लुअरला बांधणं हे याच चुकीचं भावंड. ताणात ब्रेड मजबूत असते, पण कालवं लागलेल्या दगडाला घासली की लगेच तुटते. तीस पौंड ताकदीच्या ब्रेडपुढे चाळीस पौंडाचा, दीड वाव (सुमारे नऊ फूट) तरी लीडर, म्हणजे घासणीला टिकणारा एकेरी धागा, लावा. एफजी गाठ उत्तम, पण ती घरी पंख्याखाली बसून शिकायची असते. तोवर डबल युनी ही सोपी गाठ चालेल. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. दर थोड्या फेकींनी लीडर बोटांमधून ओढून बघा, खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका. आळस करू नका.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणारा रीळचा ब्रेक, पूर्ण आवळणं. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ठेवा. तीस पौंडाच्या दोरीला साडेतीन-चार किलो. अंदाजाने नको, वजनकाट्याला बांधून बघा.

दर पाच मिनिटांनी लुअर बदलणं. एक तीस ग्रॅमचा स्पून (धातूचं चमचासारखं लुअर), एक तरंगता मिनो (छोट्या माशासारखं लुअर), एक पॉपर. पहिल्या मोसमाला एवढं पुष्कळ झालं. जागा बदला, वेग बदला, खोली बदला.

स्वस्त लुअरचे मूळ गळ तसेच ठेवणं. ते सरळ होतात. गळ आणि ते लुअरला अडकवणाऱ्या रिंगा बदला. तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावलेत तर मासा सोडणंही सोपं जातं.

चप्पल घालून शेवाळावर चालणं. याबद्दल बोलायलाही नको.

रीळ बादलीत बुडवणं. नळाची जोरदार धारही नको, त्याने मीठ आतच जातं. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, ओल्या फडक्याने पुसणं, सावलीत वाळवणं, मग ड्रॅग सैल. वापरलेलं लुअर ओलं असताना डबीत टाकू नका, एकाचा गंज सगळ्यांना लागतो.

पावसाळ्यात खडपावर जाणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच बाहेर पडतात. हौशी माणसाने त्यांच्यापेक्षा जास्त धीट होऊ नये.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रापण लागलेली असताना तिच्या घेऱ्यात लुअर टाकू नका. त्या दोराला पन्नास घरं लागलेली असतात. लुअर कुणाच्या जाळ्यात अडकलं तर जाळं कापू नका; दोरी कापा, जाळेवाल्याला जाऊन सांगा. काही उतावळ्या लोकांनी जाळी फाडल्यामुळे काही किनाऱ्यांवर आता रॉड दिसला की गावकरी हाकलतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मासा लागल्यावरही घाई नडते. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तिथे बोट घालू नका. शिंगाळ्याचा काटा लागला की हात दिवसभर ठणकतो. मोठा जिताडा शक्यतो सोडा: हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे तो मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी असते. गळ काढायला लांब तोंडाची पक्कड कमरेलाच हवी, बॅगेत नको. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला असेल तर तुमच्या बोटात घुसलेला गळही सहज निघतो. दाबलेला नसेल आणि खोल गेला असेल तर खडपावर ओढाओढ करू नका. दोरी कापा, थेट दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.