बजेट एडिटिंग पीसीचं कूलिंग निवडताना या चुका टाळा

अकोल्यात गेली बारा वर्षं मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी एडिटिंगच्या मशीन जोडून देतो. मार्च संपत आला की एक्स्पोर्टबद्दल, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल काढण्याबद्दल, एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "भाऊ, दिवाळीत दीड तासात निघणारा एक्स्पोर्ट आता तीन तास घेतोय. विंडोज मारून द्या." बहुतेक वेळा विंडोजचा काही दोष नसतो. प्रोसेसर त्याच्या तापमानाच्या मर्यादेला टेकलेला असतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवत असतो. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त काम रेंगाळतं. म्हणून माणसं सॉफ्टवेअर बदलतात, रॅम वाढवतात आणि खऱ्या कारणाकडे कोणी बघत नाही.

दुसऱ्याच्या खोलीतलं तापमान आपलं समजू नका

रिव्ह्यूमध्ये "प्रोसेसर ६८ अंशांवर राहिला" असं ऐकून लोक कूलर घेतात. ती चाचणी साधारण २२ अंशांच्या एसी खोलीत झालेली असते. हवेवर चालणारा असो की पाण्यावर, कोणताही कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो फक्त आतली उष्णता त्या हवेत सोडतो. म्हणून पाहायचा तो फरक. ६८ वजा २२ म्हणजे ४६. मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील, तर तेच काम ढोबळमानाने ८८ वर जाईल. कॅबिनेट बंदिस्त असेल तर त्याहून वर.

हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो. पुण्यात किंवा नाशकात जो बॉक्स कूलर, म्हणजे प्रोसेसरच्या खोक्यातच येणारा कूलर, वर्षभर निभावून जातो, तो आमच्याकडे एप्रिलपासून कमी पडू लागतो. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर ऑफिसच्या कामाला ठीक आहे. तासभर सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) राबवणाऱ्या एक्स्पोर्टसाठी मी तो वापरत नाही. चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिमी फॅनचा उभा टॉवर कूलर दोन हजारांच्या आसपास मिळतो. डीपकूल एजी४०० मी आजवर सर्वांत जास्त बसवला असेल. ६५ वॅटच्या प्रोसेसरला याहून जास्त काही लागत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पाण्याचा कूलर म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही

ही चूक पाहून मला खरंच त्रास होतो, कारण यात कष्टाचे पैसे जातात.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी अमरावतीजवळच्या एका फोटोग्राफरचा रात्री साडेदहाला फोन आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लग्नाची फिल्म द्यायची होती आणि एक्स्पोर्ट ३० टक्क्यांवर रांगत होता. मशीन नवीन, चार महिन्यांची. एका दुकानातून तयार घेतलेली. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आणि त्यावर २४० मिमीचा लिक्विड कूलर. सकाळी सहाला मी त्याच्या घरी पोचलो. मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळे भाग चांगले होते. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं तर तापमान १००, आणि सगळे कोअर एकाच वेळी राबताना ४ गिगाहर्ट्झवर चालायला हवेत ते अडीचच्या आसपास अडकलेले.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला अखंड काच होती. तिच्यामागे रेडिएटर, म्हणजे गरम पाणी थंड करणारी जाळी. हवा यायला बाजूने बोटभर फट. मागे हवा बाहेर काढायला एकही फॅन नाही. त्यावर कडी म्हणजे, पंपाची वायर कॅबिनेट फॅनच्या पिनवर लावलेली होती आणि बायॉसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्या पिनला ‘सायलेंट’ ठेवलं होतं. म्हणजे पंप जेमतेम फिरत होता. प्रोसेसरवर पाणी होतं, पण ते पुढे सरकतच नव्हतं. लिक्विड कूलर लावल्यावर पंपाची वायर बोर्डवरच्या पंपाच्या पिनवर, ती नसेल तर सीपीयू फॅनच्या पिनवर लावून पूर्ण वेगावर ठेवायची असते.

मी वायर बदलली, वेग पूर्ण केला, पुढची काच काढून भिंतीला टेकवून ठेवली. १५ मिनिटांत तापमान ८१. फिल्म साडेअकराला निघाली. त्याने चहा दिला तेव्हा मी विचारलं, "दादा, हा कूलर का घेतला?" तो म्हणाला, "दुकानदार म्हणाला की एडिटिंग म्हटल्यावर पाणीच लागतं."

आय५-१२४०० वर कंपनीनेच जास्तीत जास्त ११७ वॅटची मर्यादा लिहिली आहे आणि प्रत्यक्षात एक्स्पोर्टला तो त्याहूनही कमी घेतो. टॉवर कूलरवर तो आरामात चालतो. त्या कूलरचे सहा हजार वाचवून त्याने जाळीचं कॅबिनेट घेतलं असतं, मागे एक फॅन लावला असता, तरी कॅश फाइलसाठी वेगळ्या एसएसडीला हातभार लागला असता. टॉवरचा फॅन गेला तर गावातही पाचशे-सहाशेत दुसरा मिळतो. पंप गेला तर वॉरंटीत देऊन दोन-तीन आठवडे थांबा, तेही ऐन सीझनमध्ये. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने हा धोका का घ्यावा?

आय७-१२७०० सारखा १८० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तर पाण्याचा विचार समजू शकतो. तरी मी आधी दोन टॉवरचा एअर कूलर सुचवतो आणि बायॉसमध्ये मर्यादा १२५ वॅटवर आणतो. एक्स्पोर्टला थोडीच मिनिटं जास्त लागतात, आवाज निम्मा होतो.

पाच मिनिटांत तपासणी उरकू नका

नवीन मशीन घेतली, दोन मिनिटं टेस्ट लावली, ६५ दिसलं, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. ही घाई मला पटत नाही. लिक्विड कूलरमधलं पाणी तापायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर आकडा छान दिसणारच. आणि एक्स्पोर्टमध्ये प्रोसेसर एकटा तापत नाही. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) टाकलं की आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड स्वतःची १७० वॅटपर्यंतची उष्णता त्याच डब्यात ओतू लागतं. माझ्याकडून मशीन न्यायची असेल तर स्वतःचा खरा प्रोजेक्ट आणायचा. पंखा बंद, एसी बंद, अर्धा तास एक्स्पोर्ट, शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं. गिऱ्हाइकाला घाई असली तरी मी हे सोडत नाही.

उलट बाजूची घाईही दिसते. रायझेन ५ ७६००एक्स ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेला आहे. तो आकडा बघून घाबरून महागडा कूलर घेऊ नका. बायॉसमध्ये ६५ वॅटचा, कमी वीज घेणारा इको मोड चालू करा. त्याला एक रुपया लागत नाही.

बाकीच्या, रोज दिसणाऱ्या चुका

कूलरच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून जातं. या वर्षी अशा तीन मशीन उघडल्या.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. पूर्ण ट्यूब रिकामी करू नका.

इंटेलच्या बॉक्स कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत, आलटून पालटून दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही पलीकडे आल्यात का ते बघा. एक सुटलेली पिन तापमान १५ अंशांनी वाढवू शकते.

कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत आहे का ते विकत घेण्याआधी बघा. डीपकूलच्याच एके४०० या दुसऱ्या मॉडेलची उंची १५५ मिमी आहे. स्वस्त, अरुंद कॅबिनेटमध्ये मग बाजूची काच बंद होत नाही.

इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० सॉकेटचा (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर नव्या एलजीए १७०० वर जसाच्या तसा बसवू नका. भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिमी झालं आहे, वेगळी क्लिप लागते.

इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या सर्वांत स्वस्त मदरबोर्डवर आय७ लावून वर भारी कूलर लावलात तरी उपयोग नाही. त्या बोर्डवर वीज पुरवणाऱ्या भागांना हीटसिंकच (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) नसतो, ते आधी तापतात आणि वेग खाली ओढतात.

सोनीच्या कॅमेऱ्यातल्या १० बिट ४:२:२ एच.२६५ प्रकारच्या व्हिडिओ फाइल असतील तर इंटेलचा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. साध्या मॉडेलमधलं ग्राफिक्स त्या फाइल उलगडायचं काम अंगावर घेतं. ‘एफ’मध्ये ते नसतं. मग बजेटमधल्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांनाही हा फॉरमॅट झेपत नाही आणि टाइमलाइन हलवतानाच सगळे कोअर तापतात.

काच काढून मशीन कायम उघडी ठेवणं मला मान्य नाही. अमरावतीजवळच्या त्या फोटोग्राफरकडे मी पुढची काच काढली ती तेवढ्या दिवसापुरती. उघड्या मशीनमध्ये पुढून मागे जाणारा वारा मोडतो आणि धूळ चारही बाजूंनी शिरते.

आणि कृपा करून खिडकीतल्या कूलरचा झोत मशीनवर धरू नका. त्याने खोली थंड होते, ते उत्तमच. पण झोतासोबत बारीक तुषार येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डवर पांढरा थर धरतो. असे दोन बोर्ड मी हाताने पुसले. एक वाचला, दुसरा नाही. मशीन झोताच्या रेषेतून बाजूला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

साफसफाई मी वर्षातून दोनदा करायला लावतो. एकदा दिवाळीच्या आवराआवरीत, कारण तुळशीच्या लग्नानंतर मशीनला उसंत नसते, आणि एकदा मार्चमध्ये. जाळी काढून धुवायची, पूर्ण सुकवायची. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग जातं.