बंदी उठेल, पण अंडीवाली शेवंड सोडायचीच

जाळी शिवून होत आली असतील. इंजिनाचं काम आटोपलं असेल, आणि पहिल्या फेरीच्या डिझेल-बर्फाचे पैसे कुठून उभे करायचे याची बोलणी घराघरात चालू असतील. पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची पावसाळी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. तुमच्या बंदरातून होड्या कधी सुटणार ती तारीख यंदाच्या आदेशात बघा. बरेच जण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय निघत नाहीत, तेही उत्तमच. या वेळी मला फक्त शेवंडीबद्दल, म्हणजे लॉब्स्टरबद्दल, लिहायचं आहे, कारण हंगामाचे पहिले दोन-तीन महिने आपण तिच्याशी कसे वागतो यावर पुढची बरीच वर्षं अवलंबून आहेत.

बंदी आहे म्हणजे शेवंडीला विणायला वेळ मिळाला, असा समज बंदरावर सगळीकडे ऐकू येतो. हा समज अर्धवट आहे. शेवंड काही पावसाळ्यापुरतीच वीत नाही. पोटाखाली अंडी घेऊन फिरणाऱ्या माद्या हंगामातही जाळ्यात येतात, हे तुमच्याच डोळ्यांनी तुम्ही बघितलेलं आहे. मुंबईच्या पाण्यातल्या चपट्या शेवंडीचा तर विणीचा मुख्य काळच पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे आपण जाळी टाकायला निघतो तेव्हा तिची अंडी धरायची वेळ आलेली असते. दोन महिने होड्या बांधून ठेवल्या, याचं समाधान शेवंडीच्या बाबतीत पुरेसं नाही.

या चपट्या शेवंडीचं काय झालं ते तरुण मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या ट्रॉलरांना ती चांगली मिळू लागली. ऐंशीच्या दशकात वर्षाला शेकडो टनांनी उतरत होती. शेपटीला परदेशात भाव होता, त्यामुळे मिळेल ती उचलली गेली, अंडीवाल्या माद्यांसकट. १९९४ पर्यंत मुंबईतली ही मासेमारी संपली. कमी झाली नाही, संपली. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची नोंद करून ठेवली आहे. या जातीची मादी हजारांच्या हिशोबातच अंडी देते. आपली नेहमीची काटेरी शेवंड, चिखलाळ तळावरची, हिरवट अंगाची आणि शेपटीवर फिकट आडवे पट्टे असलेली, लाखांच्या घरात देते. म्हणून ती अजून टिकून आहे. पण लाखांत अंडी देणारीसुद्धा माद्याच उरल्या नाहीत तर काय करणार?

शेवंडीचं बी विकत मिळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. व्हेनामी कोळंबीचं बी हॅचरीतून येतं, तलावात सोडलं की झालं. शेवंडीची अंडी फुटली की आतून काचेच्या कोळ्यासारखं पारदर्शक, चपटं पिल्लू निघतं आणि ते कित्येक महिने खुल्या दर्यात वाहत राहतं. मग कुठे ते तळाला येऊन बसतं आणि शेवंडीचं रूप धरतं. एवढे महिने ते टाकीत जगवणं इतकं अवघड आहे की आपल्याकडे धंद्याला पुरेल असं शेवंडीचं बी तयार होत नाही. पिंजऱ्यात वाढवायला म्हणून जी बारकी शेवंड लोक गोळा करतात, तीही दर्यातूनच उचललेली असते.

आता मुख्य गोष्ट. पापलेट सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही, जाळ्यातून वर येईपर्यंत ते मेलेलं असतं. शेवंड तशी नाही. तळजाळीत अडकलेली शेवंड वर येते तेव्हा शेपटी आपटत असते, कुरकुरत असते. नीट हाताळली आणि लगेच परत सोडली तर ती जगते, अंडी उबवते. दर्यातल्या फार थोड्या मालाबाबत आपल्या हातात ही सोय आहे. म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट परत परत सांगतो: अंडीवाली मादी तराजूपर्यंत न्यायचीच नाही.

ओळखायची कशी? उलटी धरा. शेपटीच्या खालच्या बाजूला पाकळ्यांसारखे पंखे असतात, त्यांना चिकटलेला दाण्यादाण्यांचा घोस दिसेल. अंडी ताजी असताना नारिंगी असतात, फुटायच्या बेतात आली की तपकिरी होतात. तपकिरी अंडीवाली मादी म्हणजे थोड्याच दिवसांत लाखभर पिल्लं पाण्यात सोडणारी मादी, तिला तर पहिल्यांदा सोडा. अंडी नसली तरी आणखी एक खूण बघा. छातीवर पायांच्या मधे डांबराचा ठिपका वाळावा तसा काळपट चट्टा असेल, तर तिचा संग नुकताच झालेला आहे आणि आता ती अंडी घालणार आहे. तीही सोडायची. नर-मादीबद्दलच शंका असेल तर शेवटच्या पायाच्या जोडीचं टोक बघा. मादीच्या त्या पायाला बारीक चिमटा असतो, नराच्या नसतो.

एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पहाटेचा लिलाव, एका खरेदीदाराचा पोरगा टोपल्याशी उकिडवा बसलेला, हातात कपडे धुवायचा ब्रश. एकेक मादी उलटी करायचा, पंख्यांवरून ब्रश ओढायचा, बादलीत पाण्याला नारिंगी रंग यायचा. अंडी काढली की माल ‘साफ’ दिसतो. बादली भरली की धक्क्यावरून खाली ओतली जायची. अशी खरवडलेली मादी ओळखता येते. पंख्यांच्या कडांना लांब केस असतात आणि त्यात तुटलेले धागे, एखाद-दुसरा दाणा अडकून राहिलेला असतो. मासळी विकत घेणाऱ्या मावश्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असा माल घ्यायला नकार द्या. बंदरावर तुमच्या नकाराएवढा जोर दुसऱ्या कशाला नाही.

होडीवर काय करायचं ते सांगतो. जाळ्यात गुंतलेली शेवंड ओढून काढू नका. मिशा आणि पाय पटकन तुटतात, आणि तुटलेले पाय परत यायला तिला दोन-तीन वेळा कात टाकावी लागते. एक लहान कात्री दोरीला बांधून ठेवा, जाळ्याचे दोन आस (डोळे) कापलेले परवडतात. शेवंड मिशीला न धरता पाठीच्या कवचाला धरा. लगेच सोडता येत नसेल तर समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. बर्फावर ठेवायची नाही, आणि पाऊस असेल तर पावसाचं गोडं पाणीही तिच्यावर पडू द्यायचं नाही. सोडताना उंचावरून भिरकावू नका. हात पाण्यापर्यंत न्या आणि शेपटीच्या बाजूने अलगद सोडा. जिथे मिळाली तिथेच, बंदराच्या तोंडाशी गढूळ पाण्यात नको. कात टाकून नुकतीच मऊ झालेली शेवंडही सोडाच. तिला भाव येत नाही, ती टिकत नाही आणि वाटेतच मरते.

वजनाचा नियम. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजनं ठरलेली आहेत: आपली चिखलाळ शेवंड पूर्ण असेल तर ३०० ग्रॅम, खडपातली बारीक जात २०० ग्रॅम, रंगीत मोठी जात ५०० ग्रॅम, चपटी शेवंड १५० ग्रॅम. एक स्प्रिंगचा काटा होडीवर टांगून ठेवा, अंदाजाने हाताला ३०० ग्रॅम लागणारी शेवंड काट्यावर पुष्कळदा २४० भरते. अडचण अशी आहे की हा नियम फक्त देशाबाहेर जाणाऱ्या मालाला लागतो. दीडशे-दोनशे ग्रॅमची बारकी शेवंड मग हॉटेलात जाते, ताटात दोन ठेवल्या की झालं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार जाहीर केला, ही चांगली सुरुवात आहे. त्याचा तक्ता परवाना अधिकाऱ्याकडून मागून घ्या आणि होडीवर प्लास्टिकच्या कव्हरात लावा. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांकडूनही निर्यातीइतकंच वजन पाळण्याची हमी मच्छीमार संस्थांनी घ्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. बारकी शेवंड कुणी विकतच घेत नाही हे कळलं की ती होडीवर कुणी ठेवणार नाही.

ट्रॉलरवाल्यांसाठी थोडक्यात: खोळीला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, ४० मिमीची चौकोनी आस ठेवा. हिऱ्याच्या आकाराची आस ओढताना मिटते आणि बारीक माल आत अडकतो, चौकोनी आस उघडी राहते. तळजाळी लावणाऱ्यांनी जाळी भरतीच्या हिशोबाने वेळेत उचलावी. तुटून गेलेलं जाळं तळाला पडून शेवंड मारत राहतं. ती कुणाच्या हाती लागत नाही, नुसती वाया जाते. जाळं हरवलं तर जागा वहीत लिहा, आणि भांगाच्या दिवसांत पाणी संथ असेल तेव्हा आकडी टाकून काढायचा प्रयत्न करा.

हौसेने पकडणाऱ्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सुट्टीत ओहोटीला खडपात बॅटरी घेऊन फिरणारे, डुबकी मारून बिळातून शेवंड काढणारे, पर्यटकांना ‘शेवंड पकडायला नेतो’ म्हणणारे असे लोक गेल्या काही वर्षांत किनारपट्टीभर वाढले आहेत. त्यांना परवाना नाही, त्यांच्या मालाची नोंद नाही. आणि ते नेमकी उथळ पाण्यातली बारकी शेवंड उचलतात, जी अजून एकदाही व्यायलेली नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हौशी माणसालाही परवाना काढावा लागतो, दिवसाला ठरावीक नगांच्या वर शेवंड ठेवता येत नाही, आणि पकडल्यावर शेपटीच्या मधल्या पंख्याला कात्री मारावी लागते, म्हणजे तो माल बाजारात विकता येऊ नये. अंडीवाली मादी तिथे हौशी आणि धंदेवाईक दोघांनीही सोडायचीच.

त्याच किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट आपल्या सोसायट्यांनी ऐकण्यासारखी आहे. तिथे कित्येक दशकं दर महिन्याला बनावट समुद्रशेवाळाचे गठ्ठे पाण्यात टांगून त्यात किती बारकी पिल्लं येऊन बसली ते मोजतात. पिल्लं कमी आली की तीन-चार वर्षांनी माल कमी येणार हे आधीच कळतं. २००८ च्या सुमारास पिल्लं फार कमी आली, तेव्हा जाळ्यातला माल अजून बरा असतानाच त्यांनी पकड जवळपास निम्म्यावर आणली. मच्छीमारांना त्रास झाला, पण धंदा बुडाला नाही. मुंबईच्या चपट्या शेवंडीबाबत आपण ती वेळ दवडली.

आपल्याकडे पिल्लांची अशी मोजणी होत नाही, तर निदान वही तरी ठेवू. एका गावातल्या दहा होड्यांनी रोज चार आकडे लिहिले तरी पुरे: किती शेवंड आल्या, किती वजन, किती अंडीवाल्या, किती सोडल्या. दोन हंगामांत त्या गावाला कळेल की आपल्या खडपात अंडीवाल्या माद्या कोणत्या महिन्यांत जास्त येतात. मग तेवढ्या आठवड्यांपुरती तिथे शेवंडीची जाळी लावायची नाही असा ठराव सोसायटीच्या सभेत करता येईल, आणि तो गावाच्या स्वतःच्या आकड्यांवर उभा असेल. काही जागी सोडलेल्या मादीच्या शेपटीच्या पंख्याला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच मारतात. पुढच्या वेळी अंडी नसतानाही तीच मादी हाती आली तर खुणेवरून परत सोडता येते. अमेरिकेतल्या मेनमध्ये ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन-तीन वेळा कात टाकली की खाच बुजते, तेवढ्यात ती मादी पुन्हा व्यालेली असते.

पहिल्या फेरीला निघताना काटा, कात्री, ओलं गोणपाट आणि एक वही होडीत आहे का बघून घ्या. वही तांडेलाच्या हातात नको, एखाद्या शिकलेल्या पोराच्या हातात द्या, तो लिहील. पहिल्या पानावर तारीख घाला.