अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे मुलाला नेण्याआधी

मूल काही खाल्ल्यावर सारखं आजारी पडतं अशी शंका आली, की आधी ताटातले पदार्थ कमी व्हायला लागतात. दूध बंद, गहू बंद, अंडं तर कधीच बंद. तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत मूल दोन-तीन पदार्थांवर आलेलं असतं आणि नेमका कशाचा त्रास होता हे सांगता येत नाही. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट ही, की नुसत्या संशयावरून काहीही बंद करू नका. ज्या पदार्थानंतर लगेच अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तो मात्र अपवाद. तो कटाक्षाने टाळा. खात्री करायला म्हणून घरी पुन्हा चाखायलाही देऊ नका.

गव्हाच्या बाबतीत तर घाई महागात पडते. सीलिअॅक आजारात ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्याची रक्ततपासणी ग्लूटेन खाल्ल्याने शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधते. गहू, जव, राय ही ग्लूटेन असलेली धान्यं बंद केली की ती हळूहळू कमी होतात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं आणि तपासणी खोटा दिलासा देते. मग डॉक्टरांना तेच अन्न काही आठवडे पुन्हा सुरू करायला सांगावं लागतं, आणि बरं वाटू लागलेल्या मुलाला पुन्हा त्रासात ढकलणं कोणालाच नको असतं.

आता वही. मुलाने काय आणि किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला आणि केव्हा थांबला, हे रोज लिहा. यात घड्याळाला सगळ्यात जास्त किंमत आहे. काही मिनिटांपासून साधारण दोन तासांत पित्त, सूज, खोकला किंवा उलटी झाली तर डॉक्टर एका दिशेने विचार करतात. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या आणि मूल पांढरंफटक, गळून गेलेलं, असं असेल तर वेगळ्याच दिशेने. त्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीत त्वचेची आणि रक्ताची तपासणी बहुधा स्वच्छ येते, निदान तुमच्या हकिकतीवरच होतं. पदार्थ कसा शिजवला होता हेही लिहा. केकमध्ये भाजलं गेलेलं अंडं पचतं पण अर्धवट शिजलेलं चालत नाही, अशी मुलं बरीच असतात. ‘हाच पदार्थ खाऊनही काही झालं नाही’ ही नोंद पालक हमखास गाळतात. माझ्या मते वहीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

पित्ताच्या गांधी काही तासांत मावळतात, म्हणून उठल्या की लगेच फोटो काढा. पाकिटावरच्या घटकांच्या यादीचाही काढा. शीचा फोटो काढायला लाजू नका, डॉक्टर त्याला सरावलेले असतात. रक्त किंवा शेम आहे का, किती दिवसांनी होते, पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठतं का, हे टिपून ठेवा. चड्डीला सतत पातळ शी लागत असेल तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत कडक मळ साठलेला असला की पातळ मळ त्याच्या बाजूने गळतो, आणि घरचे बद्धकोष्ठावर जुलाब थांबवायचे उपाय करत बसतात. फळांचा रस दिवसाला किती जातो तेही लिहा, जास्त रसाने लहान मुलांना पातळ शी होऊ शकते.

वजन-उंचीच्या जुन्या नोंदी, आधीचे अहवाल, औषधांची यादी आणि घरात कोणाला दमा किंवा एक्झिमा (त्वचेचा खाजरा विकार) आहे का ही माहिती एका फाइलमध्ये घाला. ‘शंभर पदार्थांची आयजीजी तपासणी’ करून नेण्याच्या फंदात पडू नका. आयजीजी हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, आणि ती प्रतिपिंडं बहुतेक एवढंच सांगतात की तो पदार्थ मुलाच्या खाण्यात आहे.

त्वचेवर टोचून तपासणी होणार असेल तर अ‍ॅलर्जीची औषधं काही दिवस आधी थांबवावी लागतात. किती दिवस, हे दवाखान्यात फोन करून विचारा आणि सर्दी-खोकल्याच्या सिरपचं नावही सांगा, कारण अनेकांत तेच औषध असतं. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका. मधल्या काळात त्रास झाला आणि औषध द्यावं लागलं तर द्या, तपासणी पुढे ढकलता येते. हात आणि पाठ सहज उघडी करता येईल असे कपडे घाला, चालणारा खाऊ घरूनच न्या, आणि मुलाला रोज भरवणारी व्यक्ती सोबत असू द्या.

श्वास लागणं, आवाज बसणं, जीभ सुजणं, पित्तासोबत वारंवार उलट्या, अंग गळून जाणं, किंवा हिरवी उलटी, यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जा. गंभीर अ‍ॅलर्जीवर अ‍ॅड्रेनालिन हेच पहिलं औषध. अ‍ॅलर्जीचं सिरप ते काम करत नाही. इंजेक्शन आधीच लिहून दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि मुलाला आडवं ठेवा, चालवू नका. श्वास लागत असेल तर बसलेलं चालेल. इंजेक्शनची मुदत आणि मुलाच्या आताच्या वजनाला लागणारी मात्रा या भेटीत तपासून घ्या.

प्रश्न घरीच लिहून न्या, तिथे आठवत नाहीत. ही दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे की दुधातली साखर न पचण्याचा त्रास? दुसरा असेल आणि नुकतेच जुलाब होऊन गेले असतील तर तो बहुधा तात्पुरता असतो. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी नक्की का? नुसत्या अहवालावरून तसं ठरत नाही, म्हणून हे विचाराच. गाईचं दूध बंद झालं तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कुठून मिळणार? शेळीचं किंवा म्हशीचं दूध हा त्यावर पर्याय नाही, त्यांतली प्रथिनं फार मिळतीजुळती असतात. पाळणाघराला लेखी सूचना कोण देणार? आणि काही बंद करायला सांगितलं, तर ते पुन्हा केव्हा, किती प्रमाणात आणि घरी की दवाखान्यात द्यायचं, हे लिहून घेऊनच खुर्चीवरून उठा.