पालिकेचा ड्युटी चार्ट पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी: जेवणाच्या सुटीला खुर्चीवर कोण?

चार्ट लावायला बसलात की आधी माणसांची यादी करू नका, जागांची करा. पंपहाउस, अग्निशमन नियंत्रण कक्ष, रुग्णालयाचा वॉर्ड, रुग्णवाहिका, भरणा खिडकी, वाहन डेपो, झाडलोटीचे बीट (नेमून दिलेले पट्टे), कार्यालयातली टेबलं. प्रत्येक जागेपुढे दोनच गोष्टी लिहा: ही जागा किती तास चालू लागते, आणि दहा मिनिटं रिकामी राहिली तर काय होतं? हा दुसरा रकाना जवळजवळ कोणी भरत नाही, आणि चार्ट पुढे बिघडतो तो तिथूनच.

पाळ्या, साप्ताहिक सुटी, ओटी (ओव्हरटाइम) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. हिशेबाकडे वळू.

चोवीस तास चालणाऱ्या एका खुर्चीला तीन पाळ्या, म्हणून तीन माणसं, असं गणित सर्रास मांडलं जातं. ते चूक आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठ तासांप्रमाणे सहा दिवस येतो, म्हणजे ४८ तास. नुसत्या साप्ताहिक सुट्या धरल्या तरी साडेतीन माणसं लागतात. आता वर्षाचा हिशेब करा. समजा साप्ताहिक सुट्या ५२, सणांच्या १०, अर्जित रजा ३०, किरकोळ ८, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून ५. एकूण १०५. उरले २६० दिवस. खुर्चीला वर्षाला ३६५ गुणिले ३ म्हणजे १,०९५ पाळ्या हव्यात. भागाकार ४.२ येतो. तुमच्या सेवानियमांतले रजेचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, रीत तीच. या ४.२ मधला तीनच्या वरचा भाग म्हणजे रजा राखीव, सुटीवर गेलेल्यांच्या जागी लागणारी माणसं. तो मंजूर करून घेतला नसेल तर दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमचा चार्ट कोसळणार, आणि दोष तुमच्या नियोजनाला लागणार. म्हणून हा हिशेब एका पानावर मांडून वरिष्ठांकडे टिपणी द्या. मंजुरी लगेच येत नाही. तरीही द्या, कारण पुढच्या प्रत्येक चर्चेत हेच पान उपयोगी पडतं.

आता मुख्य गोष्ट. ती नीट वाचा, कारण हुशार माणसंही इथेच अडकतात. वरच्या ४.२ मध्ये जेवणाची सुटी धरलेलीच नाही.

चार्टवर ‘दुपारी १ ते १.३० विश्रांती’ असं छापलं की सुटी दिली, असा समज असतो. पण पंपचालक एकटाच आहे. टाकीची पातळी वर येत असताना तो डबा घेऊन बाहेर झाडाखाली जाऊ शकत नाही. तो पॅनेलसमोरच जेवतो, घास हातात असताना फोन वाजला तर उठतो. त्याला सुटी मिळाली का? नाही. कागदावर अर्धा तास वजा झाला, काम मात्र चालूच राहिलं. महिन्याच्या २६ हजेऱ्या धरल्या तर हे १३ तास होतात. म्हणजे एका माणसाचे दीड दिवसाहून जास्त काम विनामोबदला. पाच जणांचं वर्षभराचं मांडा आणि मग युनियन थकबाकीची मागणी का करते ते विचारायची गरज उरणार नाही.

नियम या बाबतीत जगभर साधारण एकाच दिशेने जातात. अमेरिकेच्या संघीय नियमांत ५ ते २० मिनिटांची छोटी सुटी कामाच्या वेळेतच मोजली जाते, तर जेवणाची सुटी, साधारण ३० मिनिटं किंवा जास्त, वेळेतून वगळता येते. अट एवढीच की त्या वेळात माणूस कामातून पूर्ण मोकळा असला पाहिजे. खुर्चीवर बसून जेवणं याला मोकळं असणं म्हणत नाहीत. युरोपीय संघाचा २००३ चा कामाच्या वेळेचा निर्देश सहा तासांहून जास्त काम असेल तर सुटी बंधनकारक करतो. तुमच्या शहराला कुठला कायदा आणि कुठले सेवानियम लागू आहेत ते मूळ मजकुरातूनच वाचा, कोणी सांगितलं म्हणून धरू नका. पण एक कसोटी सगळीकडे लावून बघा: सुटीच्या वेळी तो माणूस आवार सोडून जाऊ शकतो का, आणि त्या वेळी जबाबदारी नेमकी कोणाच्या नावावर आहे? दुसरं नाव सांगता आलं नाही, तर ती सुटी नाही.

म्हणून रिलीव्हर, म्हणजे सुटीपुरता खुर्ची सांभाळणारा बदली माणूस. आणि रिलीव्हर किती, याचंही गणित फसवं आहे. प्रत्येक जागेला पाळीत एकूण एक तास विश्रांती, म्हणजे जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग, असं धरलं तर एक रिलीव्हर आठ तासांत आठ जागा सांभाळेल असं वाटतं. सांभाळत नाही. जेवण पाळीच्या पहिल्या तासात देऊन उपयोग नाही आणि सातव्या तासात देणं हा अन्याय आहे. तिसऱ्या तासाच्या शेवटापासून पाचव्या तासाच्या शेवटापर्यंत, अशी दोन तासांचीच सुटीची खिडकी, म्हणजे सुटी देता येईल असा वेळ, खरी. तीस मिनिटांप्रमाणे त्यात चारच जेवणं बसतात. एका जागेवरून दुसरीकडे जायला आणि दोन शब्द बोलून काम समजून घ्यायला दहा मिनिटं धरली तर तीनच. म्हणजे जवळजवळच्या तीन जागांना एक रिलीव्हर. जागा लांब असतील तर तेवढंही जमत नाही. तिथे पर्यवेक्षकालाच अर्धा तास खुर्चीवर बसवा, किंवा ती सुटी सरळ पगारी कामाची वेळ म्हणून मोजा. हा दुसरा मार्ग कमीपणाचा नाही. खोटी सुटी दाखवण्यापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे. रिलीव्हर त्या कामाचा शिकलेला हवा, हेही आलंच. क्लोरिन मात्रा देणाऱ्या जागेवर कोणालाही बसवता येत नाही.

हे सगळं ऐकून दडपण येतं. पण अशा अजिबात न सोडता येणाऱ्या जागा मोजायला घेतल्या की वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. बहुतेक टेबलं आणि बीटं दहा मिनिटं सहज थांबू शकतात. सगळं बळ त्या थोड्या जागांवर लावा.

भरणा खिडक्यांचं वेगळं. तिथे सगळ्यांची सुटी एकाच वेळी ठेवून काउंटर बंद करायची पद्धत मोडा. सहा खिडक्या असतील तर साडेबारा ते दोन या वेळात दोन-दोनच्या तीन तुकड्या, प्रत्येकी अर्धा तास. चार खिडक्या कायम उघड्या राहतात. त्याआधी आठवडाभराचे टोकन तासवार मोजून बघा, कारण बऱ्याच ठिकाणी गर्दीची वेळ नेमकी जेवणाचीच असते. रोख हाताळणाऱ्याला उठताना पेटीला कुलूप लावून शिल्लक लिहायला पाच मिनिटं लागतात. ती कामाची वेळ आहे, सुटीतून कापू नका.

आता दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीकडे. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा अशा पाळ्या असतील तर रात्री दहाला उतरलेल्याला सकाळी सहाला बोलावलं की मधे आठच तास राहतात. त्यात घरी जाणं, जेवण, झोप आणि परत येणं. युरोपीय निर्देशात रोज सलग ११ तास विश्रांती आहे. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, हा आकडा आपल्या चार्टला लावाच. पाळी नेहमी पुढे सरकवा: सकाळ, दुपार, रात्र. उलटी फिरवली की हे आठ तासांचे सांधे आपोआप तयार होतात.

साप्ताहिक सुटीत दोन खड्डे आहेत. पहिला: सुटीचा वार फिरता ठेवला, या आठवड्यात सोमवार आणि पुढच्या आठवड्यात रविवार दिला, तर दोन्ही आठवड्यांत एकेक सुटी दिसते, पण माणूस मधे सलग बारा दिवस काम करतो. दुसरा: शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला संपते. रविवार सुटी म्हणून लिहिला आणि सोमवारी सकाळपाळी लावली, तर हातात चोवीसच तास येतात आणि त्यातला अर्धा दिवस झोपेत जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९२१ चा साप्ताहिक विश्रांतीचा ठराव उद्योगांसाठी सात दिवसांत सलग २४ तास मागतो, त्यामुळे कागद बरोबर दिसेल. माणूस मात्र थकलेलाच परत येईल. रात्रपाळीतून उतरल्याचा दिवस आणि सुटीचा दिवस वेगळे धरा.

ऑन कॉल ड्युटीबद्दल, म्हणजे बोलावलं की यायच्या तयारीत थांबण्याबद्दल, अगदी स्पष्ट सांगतो: फुकट समजू नका. कील शहराच्या रुग्णालयाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं की डॉक्टरला झोपायला खोली दिली असली तरी आवारात हजर राहण्याचा सगळा वेळ कामाचाच. बेल्जियममधल्या निवेल शहराच्या अग्निशमन दलाच्या खटल्यात २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने घरी थांबून आठ मिनिटांत पोचण्याची सक्ती असलेला वेळही कामाचा मानला. तुमच्या देशात हे निकाल लागू नसतील, पण त्यांतला विचार चार्टला उपयोगी आहे: पोचायची मुदत जितकी कमी, तितका माणूस बांधलेला. मुदत लिहा, महिन्यात किती वेळा बोलावलं ते नोंदवा, आणि रात्री बोलावलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या.

पाळीबदलाला पुढच्याकडे काम सोपवण्यात जाणारी रोजची पंधरा मिनिटंही अशीच. आठवड्याला दीड तास होतो, आणि ४८ चे साडेएकोणपन्नास होतात. हे लपवण्यापेक्षा पाळीच्या आत हस्तांतराची वेळ धरा.

आता शॉर्टकटविषयी. मागच्या वर्षीचा चार्ट घेऊन फक्त तारखा बदलणं हा सगळ्यात वाईट. त्यात निवृत्त झालेल्यांची नावं, बंद पडलेल्या जागा आणि कोणाला तरी दिलेल्या तोंडी सवलती तशाच राहतात. हजेरीच्या सॉफ्टवेअरला रोज तीस मिनिटं आपोआप कापायला लावणं हा दुसरा. सोय मोठी वाटते, पण ज्यांना सुटी मिळालीच नाही त्यांचीही वेळ कापली जाते आणि पुरावा तुमच्याच मशीनमध्ये साठत राहतो. कापणी ठेवायचीच असेल तर ‘सुटी मिळाली नाही’ अशी नोंद त्याच दिवशी करता आली पाहिजे, आणि ती नाकारायची असेल तर पर्यवेक्षकाने कारण लिहिलं पाहिजे.

बारा तासांच्या दोन पाळ्या कर्मचाऱ्यांना आवडतात, कारण आठवड्यात चारच दिवस यावं लागतं. माझा विरोध आहे. एक जण आला नाही की दुसरा चोवीस तास अडकतो. लावायच्याच असतील तर जेवणाच्या दोन सुट्या आणि राखीव माणूस आधी, पाळी नंतर.

शिकायचं कोणाकडून? नियमांची पुस्तकं पाठ असलेल्या अधिकाऱ्यापेक्षा जुना मस्टर (हजेरीपट) कारकून आणि मुकादम जास्त शिकवतात. कोणत्या बीटावर कोण कधी निसटतं, कोणत्या डेपोत गाडी सात वाजल्याशिवाय निघतच नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. पण त्यांचं ‘असंच चालतं’ हे उत्तर मानू नका. का चालतं ते विचारा.

उघड्यावर काम करणाऱ्यांची सुटी घड्याळाच्या एकाच वेळेला बांधू नका. उन्हाच्या दिवसांत लवकर सुरुवात, दर तासाला सावलीत थोडा विसावा, आणि पाणी बीटावरच. पाणी आणायला जाण्यात सुटी संपली तर ती सुटी नव्हे. स्तनदा मातांच्या सुट्या वेगळ्या लिहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० च्या मातृत्व संरक्षण ठरावात त्या कामाच्याच वेळेत मोजायच्या आहेत.

शेवटी आदेश. तो दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात असू द्या: पाळीच्या वेळा, सुटीची खिडकी, सुटीत जबाबदारी कोणावर (पदनामासह), सुटी हुकली तर कोणाला कळवायचं आणि कधीपर्यंत, ओटीला आगाऊ मंजुरी कोण देतो, आणीबाणीत नंतरची मंजुरी किती दिवसांत. पाळीची अदलाबदल लेखी, समान पदातच, आणि ११ तासांची विश्रांती मोडत नसेल तरच. चार्ट किमान चौदा दिवस आधी फलकावर लावा. बदल केलात तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. नवा कागद काढून त्यावर क्रमांक आणि तारीख घाला, जुना फाइलला ठेवा. आदेश काढण्याआधी मसुदा प्रत्येक खात्याच्या एका पर्यवेक्षकाला आणि एका कामगाराला वाचायला द्या, आणि रात्रपाळीतल्या एकाला तरी. दिवसा कार्यालयात बसून लिहिलेल्या नियमातली भोकं त्यालाच आधी दिसतात.

पहिल्या महिन्यात एकच नोंद रोज तपासा: हुकलेल्या सुट्या, जागेनुसार. एकाच जागेचं नाव आठवड्यात तीनदा आलं तर माणसाला जाब विचारू नका, त्या जागेचा रिलीव्हर बदला किंवा सुटीची खिडकी सरकवा. आणि रकाना पूर्ण कोरा आला तर स्वतः रात्री तिथे जाऊन या, कारण बहुतेक वेळा तिथे नोंद करायची सोयच झालेली नसते.