ब्रिटनच्या निवडणुकीत मत कुणाला? ठरवताना या चुका टाळा

ब्रिटनमधली पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत कधीही लागू शकते. तारीख पंतप्रधान ठरवतात आणि एकदा ती जाहीर झाली की हाताशी फार वेळ उरत नाही. मागच्या वेळी २२ मे २०२४ ला घोषणा झाली आणि ४ जुलैला मतदान. त्या सहा आठवड्यांत टीव्हीवरच्या वादचर्चा, दारात पडणारी पत्रकं आणि व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड यांचा नुसता मारा होतो. इथल्या मराठी घरांमध्ये दर निवडणुकीला त्याच त्या चुका होताना दिसतात. त्यातल्या बऱ्याच आधीच टाळता येतात.

“आपल्याला कुठे मत आहे?”

सगळ्यात मोठं नुकसान या एका गैरसमजाने होतं. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या, वयाची अठरा वर्षं पूर्ण केलेल्या आणि वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या माणसाला संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. विद्यार्थी, नोकरीच्या व्हिसावर आलेले, डिपेंडंट, आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळालेले, सगळ्यांना. फ्रान्स-जर्मनीहून आलेल्या शेजाऱ्याला हा हक्क नाही, तुम्हाला आहे. मतदान केल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर नुकतंच आलेलं माणूस “माझा नॅशनल इन्शुरन्स नंबर नाही” म्हणून थांबतं. कर आणि विम्यासाठीचा हा सरकारी नंबर नसला तरी नोंदणी होते, काउन्सिल (इथली स्थानिक पालिका) फार तर दुसरी कागदपत्रं मागते. मात्र नाव वेळेत नोंदवायला हवं. २०२४ मध्ये शेवटची तारीख १८ जून होती, म्हणजे मतदानाच्या दोन आठवड्यांहून आधी.

पंतप्रधान निवडतोय असं समजून मत देणं

मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाच्या दावेदाराचं नाव फक्त त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात असतं. डिसेंबर २०१९ ते जुलै २०२४ या एकाच संसदेच्या कारकिर्दीत देशाने तीन पंतप्रधान पाहिले: बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. मधल्या काळात सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नाही. चेहरा बघून दिलेलं मत असं अधांतरी राहू शकतं. पक्ष आणि खासदार मात्र टिकतात.

देशाचे आकडे बघायचे आणि स्वतःचा मतदारसंघ विसरायचा

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण निर्णयाची खरी किल्ली हीच आहे.

पद्धत आपल्या लोकसभेसारखीच आहे. ६५० जागा, प्रत्येक जागी ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, बाकीच्यांची मतं त्या जागेपुरती संपली. यातून काय होतं ते २०२४ चे आकडे सांगतात. लेबरला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि ४११ जागा. रिफॉर्म यूकेला १४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं, पण जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, सुमारे १२ टक्के मतं, आणि जागा ७२. लिब डेमची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली होती, रिफॉर्मची देशभर पसरलेली होती, एवढाच फरक. म्हणून “अमुक पक्ष देशात तिसरा आहे” हे ऐकून तुमच्या जागेबद्दल काहीच कळत नाही.

उत्तर लंडनमधल्या हेंडन मतदारसंघात २०२४ मध्ये लेबरचा उमेदवार अवघ्या १५ मतांनी जिंकला. एका इमारतीत राहणारी चार-पाच मराठी कुटुंबं त्या दिवशी घरी बसली असती किंवा बाहेर पडली असती, तर निकाल फिरू शकला असता. उलट काही जागा अशा असतात की तिथे वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा हजारो मतांनी विजय होतो. या दोन ठिकाणी मत ठरवण्याची रीत एकच असू शकत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. पोस्टकोड टाकून आपला मतदारसंघ शोधा आणि मागच्या निकालात पहिला कोण, दुसरा कोण आणि फरक किती ते पाहा. २०२४ ला मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या, त्यामुळे “आमच्याकडे नेहमी हेच येतात” ही जुनी माहिती आता चालेलच असं नाही. फरक कमी असेल तर पहिल्या दोघांत आपल्याला कोण चालणार नाही, हाही प्रश्न स्वतःला विचारा. फरक मोठा असेल तर मनापासून जो पक्ष पटतो त्यालाच मत द्या, मग तो चौथा-पाचवा का असेना. माझं स्पष्ट मत आहे की सुरक्षित जागेवर डावपेचाचं मत, म्हणजे नावडता उमेदवार पडावा म्हणून दुसऱ्याच कुणाला मत, देण्याला अर्थ नाही. तिथे छोट्या पक्षाचं मतही कामी येतं, कारण पाच टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर उमेदवाराची ५०० पौंडांची अनामत वाचते आणि पुढच्या वेळी तो पक्ष त्या भागाकडे लक्ष देतो.

दारात पडणारं पत्रक नीट हातात घेऊन वाचा. बहुतेकांवर रंगीत स्तंभांचा आलेख असतो आणि वर ठळक अक्षरांत, “इथे फक्त आम्हीच अमुक पक्षाला हरवू शकतो.” स्तंभांच्या उंचीपेक्षा त्यावरचे आकडे पाहा. ४१ आणि ३४ यांच्यातला फरक कागदावर दुप्पट उंचीचा दाखवलेला असतो. मग खालची बारीक ओळ वाचा. आकडे मागच्या संसदेच्या निवडणुकीचे आहेत की काउन्सिलच्या? तुमच्या मतदारसंघाचे की एखाद्या वॉर्डाचे, की देशभरच्या जनमत चाचणीचे? सगळ्याच पक्षांच्या पत्रकांत हा प्रकार आढळतो. कायद्याने पत्रकावर ते कुणी छापलं आणि कुणासाठी छापलं याचं नाव-पत्ता असावा लागतो. तो नसेल तर कागद सरळ बाजूला ठेवा.

“आपला माणूस” म्हणून शिक्का

मुंबईशी नातं असलेले तीन पारशी नेते ब्रिटिश संसदेत निवडून गेले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल म्हणून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह म्हणून, आणि ते काँग्रेसच्या मागण्यांच्या विरोधात उभे राहिले. शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटर्सीतून लेबरच्या पाठिंब्यावर, पण कम्युनिस्ट. एकाच शहराचे, एकाच समाजाचे, आणि राजकारण तीन दिशांना.

आजही तसंच आहे. २०२४ मध्ये लेस्टर ईस्टमध्ये भारतीय वंशाचे उमेदवार कन्झर्व्हेटिव्ह, लेबर आणि ‘वन लेस्टर’ हा छोटा पक्ष अशा तिन्ही बाजूंनी उभे होते. मतं फुटली आणि अनेक दशकं लेबरकडे असलेली ती जागा कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने घेतली, लेबरकडून त्या वर्षी जिंकलेली त्यांची एकमेव जागा. आडनावावरून माणूस संसदेत कुठल्या बाजूला हात वर करेल हे कळत नाही. विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर त्याने कुठल्या ठरावावर कसं मत दिलं, ते ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून वाचता येतं. नवा उमेदवार असेल तर चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये होणाऱ्या उमेदवारांच्या सभेला जा आणि एक नेमका प्रश्न विचारा.

फक्त व्हिसाचा विचार

हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे आणि असायलाच हवा. पण “हा पक्ष आपल्याला सोपा, तो कडक” हे गणित जुनं झालं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणारा किमान पगार कन्झर्व्हेटिव्ह सरकारने एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेला. जुलै २०२५ मध्ये लेबर सरकारने तोच ४१,७०० केला. पक्षाच्या जुन्या प्रतिमेवर जाऊ नका, या वेळच्या जाहीरनाम्यात काय लिहिलंय ते वाचा. घरभाडं, मुलांच्या शाळा, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट हेही तुमचेच प्रश्न आहेत.

जाहीरनाम्यातले शब्द भरभर वाचणं

२०१९ ला कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारावर कर्मचारी आणि मालक दोघांनीही भरायच्या वर्गणीचा, दर वाढवणार नाही असं म्हटलं होतं. २०२१ मध्ये त्यांच्याच सरकारने सव्वा टक्का वाढ जाहीर केली, पुढे ती मागे घेतली. २०२४ ला लेबरने कष्टकऱ्यांवरचा नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही म्हटलं, आणि एप्रिल २०२५ पासून मालकांनी भरायचा दर १३.८ वरून १५ टक्के झाला. शब्द पाळला की मोडला यावर लोक अजून भांडतात. आश्वासन कुणासाठी आहे आणि कुणाला वगळलंय, हे त्या वाक्यातच असतं. पैसा कुठून येणार हे समजण्यासाठी इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज निवडणुकीच्या काळात जे विश्लेषण देते ते जरूर पाहा. कुठल्याही पक्षाची ती भलामण करत नाही.

चुकीच्या दारावर राग

कचरा उचलला जात नाही, रस्त्यात खड्डे आहेत, हा काउन्सिलचा कारभार. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि शालेय शिक्षण तिथली सरकारं बघतात. एडिंबरामध्ये राहून हॉस्पिटलच्या रांगेचा राग वेस्टमिन्स्टरच्या (लंडनच्या संसदेच्या) मतपत्रिकेवर काढू नका. व्हिसा, संरक्षण आणि बहुतेक कर मात्र लंडनलाच ठरतात.

ठरलेलं मत शेवटी बाद होणं

एवढा विचार करून मत वाया गेलं तर फार वाईट वाटतं. मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये भारतीय पासपोर्ट चालतो. घरी आलेलं पोल कार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि मतदार यादीत एक, पासपोर्टवर दुसरं असेल, तर मॅरेज सर्टिफिकेट सोबत ठेवा. टपालाने मत देताना मतपत्रिकेसोबतच्या निवेदनावर सही आणि जन्मतारीख लिहायची असते. घाईत लोक तिथे त्या दिवसाची तारीख लिहितात आणि मत बाद होतं. शेवटच्या दिवशी ते पाकीट काउन्सिलच्या पत्रपेटीत टाकू नका. मतदान केंद्रावर नेऊन द्या आणि तिथला फॉर्म भरा.

त्या काळात भारतात असाल तर टपालावर विसंबू नका, कागद जाऊन-येऊन वेळेत पोहोचणं कठीण. विश्वासातल्या माणसाला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा, नेमा. केंद्रावर त्याने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं असतं, तुमचं नाही. मतपत्रिकेवर एकाच चौकटीत फुली मारायची. नोटा हा पर्याय इथे नाही. केंद्र सकाळी सातला उघडतं, रात्री दहाला बंद होतं, आणि दहा वाजता तुम्ही रांगेत उभे असाल तर तुम्हाला मत देऊ द्यावंच लागतं.